योजनेत बसतंय का?

३० जुलै, बुधवार

औषध कंपनीच्या माणसानं ही डायरी जानेवारीत दिली होती. तेव्हापासून कपाटात पडून होती, झुरळांनी एक कोपरा खाल्लाय. आजपासून लिहिते, कारण आज मी कॅज्युअल्टीच्या खिडकीची इनचार्ज झाले. पगार तोच, फक्त खुर्चीला हात आले. तरी इनचार्ज ते इनचार्ज. घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, म्हणजे आता तिथंही तूच ओरडणार. हे म्हणजे राजेंद्र, वाळूजला कंपनीत आहेत. कौतुक करायचं म्हटलं की ह्यांच्या जिभेला काय होतं देव जाणे.

इनचार्ज केलं त्याला कारण आहे. या महिन्यापासून आमचं हॉस्पिटल सरकारच्या आरोग्य योजनेत आलं. आता पिवळं रेशनकार्ड असो, केशरी असो की पांढरं, सगळ्यांना कार्ड चालतं. गेटवर केवढा तरी फ्लेक्स लावलाय. फक्त फ्लेक्सवर एक गोष्ट लिहिलेली नाही. कार्ड चालतं ते भरती झाल्यावर, आणि तेही यादीतल्या आजारांना. ओपीडीत दाखवलं, गोळ्या घेतल्या, ड्रेसिंग केलं, की ते ज्याच्या त्याच्या खिशातून. लोकांना हे बरोबर कळलंय. ओपीडीकडं कुणी फिरकतच नाही. थेट कॅज्युअल्टीत यायचं, म्हणजे भरती करतील आणि कार्ड चालेल. पूर्वी ज्या तापाला गल्लीतला डॉक्टर पुरायचा तो ताप आता रिक्षा करून आमच्याकडं येतो. मी नाव विचारायच्या आधी समोरचा विचारतो, "मॅडम, योजनेत बसतंय का?"

आज आमच्या गल्लीतल्या दगडाबाई आल्या. मुकुंदवाडीत आमच्यापासून चौथं घर. मला बघून आधी ओशाळल्या, मग छातीला हात लावून म्हणाल्या, छातीत दुखतंय. मी म्हटलं, सकाळी नळावरून दोन हंडे उचलून नेले तेव्हा नव्हतं का दुखत? मग खरं निघालं. दाढ दुखत होती. छाती म्हटलं की फोनवरच मंजुरी मिळते असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. मी इतकं बोलले की मागची रांग गप्प झाली. तुमच्यासारख्यांमुळं एखादा खरा पेशंट दारात जाईल, असंही म्हटलं. त्या गाल धरून निघून गेल्या. बोलले ते बरंच केलं. कुणीतरी बोलायला पाहिजे.

३ ऑगस्ट, रविवार

मामा काल भद्रा मारुतीला जाऊन आले. मामा म्हणजे माझे सासरे. नाव बन्सी. सिल्लोडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जन्मभर मापाडी होते, मका आणि कापूस तोलायचे. सासूबाई गेल्यावर आमच्याकडं आले. श्रावणातल्या शनिवारी इथून खुलताबादपर्यंत चालत जायचं आणि तेही अनवाणी, हा त्यांचा नेम. दहा-बारा म्हाताऱ्यांचं टोळकं आहे, दौलताबादचा घाट चढताना एकमेकांना शिव्या देत जातात म्हणे. मामांना साखर आहे, डॉक्टरनं अनवाणी चालू नका म्हणून सांगितलंय. मामा म्हणतात मारुतीपुढं डॉक्टर कोण. येताना पेढे आणतात आणि परसादात साखर नसती म्हणून स्वतःच दोन खातात.

मी विचारलं, मामा, खडे टोचत नाहीत का? तर म्हणाले, आता दोन वर्षं झाली, काहीच टोचत नाही, गादीवर चालल्यासारखं वाटतं. सगळी मारुतीची कृपा. असेल बाई. मला स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत चप्पल लागते.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज माझा दिवस. लिहिते सविस्तर.

कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. अपघाताचा एक पोरगा स्ट्रेचरवर दाराशी अडकून पडला, कारण आतल्या खाटांवर दोन जुलाब, एक मान अवघडलेली बाई आणि एक नुसता घाबरलेला माणूस. डॉक्टर विशाखा मॅडम, कॅज्युअल्टीच्या मोठ्या डॉक्टर, त्यांचा आवाज बसला ओरडून. मग आमचे व्यवस्थापक बद्रीनाथ सर खाली आले आणि मला म्हणाले, रूपाताई, खिडकीवरच काहीतरी चाळणी लावा.

मी तिथल्या तिथं सांगितलं. जो आडवा आला, जो ओरडतोय, ज्याचं रक्त गळतंय, तो सरळ आत. जो स्वतःच्या पायानं चालत आला आणि दुखत नाही म्हणाला, तो बाहेर निळ्या बाकावर. गर्दी ओसरली की बघू. दोनच प्रश्न. चालता येतं का? दुखतंय का? माझ्या हाताखाली सायली आहे, नवीन पोरगी, डोक्यानं जरा हळू पण सांगितलं तेवढं नेमकं करते. तिनं ते कागदावर लिहून काचेला चिकटवलं.

विशाखा मॅडमना फारसं पटलं नाही. त्या म्हणाल्या, "रूपाताई, ओरडणाऱ्याची मला भीती नाही वाटत. गप्प बसलेल्याची वाटते. बाकावर मधून मधून सिस्टर फिरली पाहिजे." सिस्टर कुठून आणू, बद्रीनाथ सर म्हणाले. ते तिथंच राहिलं. पण दुपारपर्यंत आत श्वास घ्यायला जागा झाली. अर्धे लोक बाकाला कंटाळून आपोआप घरी गेले. म्हणजे मुळात काही नव्हतंच त्यांना. सरांनी चहा पाजला, वर क्रीमची बिस्किटं. घरी येऊन मी ह्यांना दोनदा सांगितलं, ते मोबाईल बघत होते.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी फरशी पुसली आणि मागं वळून बघते तर लाल ठिपके. न्हाणीपासून मामांच्या खाटेपर्यंत. मला वाटलं आलता सांडला, पण आमच्याकडं आलता कुठला. मामांचा पाय बघितला. उजव्या अंगठ्याखाली चांगलं बोराएवढं भोक, आत काहीतरी रुतलेलं. चिमट्यानं ओढलं तर बाभळीचा काटा. शनिवारी वाटेत लागला असणार. दोन दिवस तो काटा घेऊन माणूस घरभर हिंडतोय.

मी म्हटलं आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं चला. पण मामा शांत. "दुखत नाय गं. दुखलं असतं तर कळलं नसतं का?" म्हणाले. ते बोलले ते खरंच होतं. मी चिमटा घातला तेव्हा पाय जरासुद्धा मागं घेतला नाही त्यांनी. मग माझाही जीव भांड्यात पडला. हळद भरली, पट्टी बांधली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पट्टी रोज ओली होते म्हणून ड्युटी संपल्यावर मामांना आमच्याच सर्जनना दाखवलं. त्यांनी तळव्याला बारीक दोरा टेकवून कळतंय का बघितलं, पेनानं टोचून बघितलं, मामा छताकडं बघत बसले. साखर खूप वाढलीये. रोज ड्रेसिंग, पायावर भार नाही, मऊ तळाची चप्पल, दर आठवड्याला दाखवा, औषधं ही, तपासण्या या. पान भरलं.

खाली योजनेच्या टेबलावर विश्वजीत बसतो, आरोग्यमित्र म्हणतात त्याला. पोरगा सभ्य आहे. त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाला, काकू, हे नाही बसत. ही ओपीडी झाली. आत पसरलं, ऑपरेशन लागलं, तर भरती करा, मग पूर्ण बसेल, आपल्याला एक पैसा नाही. मला माहीत होतंच, मीच दिवसभर लोकांना हे सांगते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कसंसंच झालं.

मामांनी मात्र वेगळाच हिशेब केला. रिक्षात म्हणाले, "सरकारनं एवढी मोठी यादी केली, तिच्यात माझा पाय नाय. म्हंजे आजार नाय ह्यो. काट्यावर जे बसत नाय ते वजन नसतंय, रूपा." त्यांना काय हायसं वाटलं, चेहराच उजळला. म्हातारा माणूस, पाय जातो की काय म्हणून आतून घाबरला असणार. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. एवढे डॉक्टर बसून यादी करतात. गंभीर असतं तर घातलं असतं की नाही यादीत?

रोजच्या ड्रेसिंगचं बघायला पाहिजे. घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, फुकट होतं, पण रोज नेऊन रांगेत कोण उभं राहणार? ह्यांची शिफ्ट, माझी ड्युटी. गल्लीतल्या दवाखान्यात कंपाउंडर करून देईल.

१७ ऑगस्ट, रविवार

काल म्हातारा पुन्हा गेला. मी ड्युटीवर, हे झोपलेले. आल्यावर मी फाडफाड बोलले तर म्हणाले, मोजे घातले होते की. अनवाणीचा नेम मोडला म्हणून उलट त्यांनाच वाईट वाटत होतं. मोजा मी गरम पाण्यात भिजवून काढला तेव्हा तळव्याला चिकटून आला. मामा तेव्हा हातात पेढ्याचा बॉक्स धरून मला घे म्हणत होते.

ह्यांना म्हटलं तुम्ही बोला तुमच्या वडलांना. हे म्हणाले, दुखत नाही म्हणतायत ना ते, मग तू कशाला दुखवून घेतेस.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. घर आवरायला काढलं. हॉलमध्ये कसलातरी वास येतोय दोन-तीन दिवस. उंदीर मेला असं वाटून हे दिवाण सरकवून बघत होते. काही सापडलं नाही. मोरीत फिनेल ओतलं, मामांच्या खाटेवरची चादर, गोधडी सगळं धुवून टाकलं, तरी वास आहेच. गणपतीला वासात कसं बसवायचं?

कंपाउंडर आठ-दहा दिवस आला. मग गणपतीला गावी गेला. मामा म्हणतात बरंय, खपली धरली, आता मीच पावडर टाकतो. दिवसभर मोजे घालून बसतात. थंडी वाजते म्हणतात. ऑगस्टात कसली थंडी, पण वयच आहे.

हॉस्पिटलात आज एक प्रकार झाला. निळ्या बाकावरचा एक माणूस बसल्या बसल्या खाली पडला. पोटात काहीतरी फुटलं होतं म्हणे. आत घेतला, वाचला. विशाखा मॅडम खिडकीशी आल्या आणि काचेवरच्या कागदाकडं बघत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, मॅडम, तो स्वतः म्हणाला दुखत नाही, आम्ही काय करणार? शंभरात एखाद्याचं असं व्हायचंच. त्यांना नुसतं बघायला काय जातं? काल अपघाताची तीन पोरं लगेच खाटेवर गेली ती कुणामुळं?

४ सप्टेंबर, गुरुवार

आज पाय बघितला. मामा आंघोळीला बसले होते आणि पाटावरून उठवायला मला हाक मारली, तेव्हा मोजा नव्हता.

अंगठा काळा पडलाय. काळा म्हणजे वांग्यासारखा. बाजूचं बोटही. वर घोट्यापर्यंत लाल. आणि वास. तो वास तिथूनच येत होता आणि आम्ही दिवाण सरकवत होतो.

मामा म्हणाले, गणपतीत कशाला तुम्हाला घोर म्हणून दाखवला नाही. मग एकदम खालच्या आवाजात विचारलं, "आता बसंल का गं योजनेत?"

मी विश्वजीतला फोन लावला, फोटो पाठवला. त्यानं बघून सांगितलं, काकू, आता बसेल. खरं सांगते, माझ्या तोंडून बरं झालं निघालं. बरं झालं! फोन ठेवल्यावर माझंच मला ऐकू आलं. पण लगेच हेही वाटलं की चला, वाट सापडली. विश्वजीत म्हणाला सर्जन विसर्जनापर्यंत सुट्टीवर आहेत, सोमवारी चारला येतील. ताप असेल, खूप दुखत असेल, तर आत्ताच कॅज्युअल्टीत आणा. ताप नव्हता. दुखत तर नव्हतंच.

हे म्हणाले आत्ताच नेऊ, तुझंच तर हॉस्पिटल आहे. मी नाही म्हटलं. ओळखीनं घुसणाऱ्यांना मी रोज बाहेर काढते आणि आता माझाच माणूस घुसवू? मी काय दगडाबाई आहे? सोमवारी शिफ्ट सुटल्यावर हे त्यांना घेऊन येतील, चारला सर्जन बघतील, सगळं रीतीनं होईल. असं मी ठरवलं. मीच ठरवलं.

१० सप्टेंबर, बुधवार

परवाचं लिहायचंय. काल हात चालत नव्हता.

सोमवारी मी सकाळच्या ड्युटीला गेले तेव्हा मामा झोपलेले होते, कपाळ थोडं गरम लागलं. ह्यांची पहिली शिफ्ट, हे माझ्या आधीच गेलेले. आम्हाला वर हॉलमध्ये योजनेचं ट्रेनिंग होतं, मोबाईल बंद ठेवा म्हणाले. खिडकीवर सायली एकटी. गर्दी नेहमीसारखी.

मामांना घरी हुडहुडी भरली. मला फोन लावला, लागला नाही. मग ते स्वतः उठले, धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली, रिक्षा केली आणि आमच्या दारात उतरले. चालत खिडकीपर्यंत गेले. सायलीनं त्यांना कधी बघितलेलं नाही. तिनं विचारलं चालता येतं का, ते म्हणाले हे काय चालतच आलो. दुखतंय का, तर नाही. रूपा माझी सून आहे, हे सांगितलं असतं तर ती धावत वर आली असती. नाही सांगितलं. मी ओळखीवाल्यांना कसं झाडते ते मीच त्यांना रोज जेवताना रंगवून सांगायची.

सायलीनं त्यांना निळ्या बाकावर बसवलं. नियमाप्रमाणं.

मी चहाला खाली आले तेव्हा त्या बाकावरून गेले. शेवटाला कुणीतरी टोपी डोळ्यांवर ओढून, मान छातीवर टाकून बसलं होतं. झोपलाय म्हटलं मनात. झोपायला येतात का इथं, असंही म्हटलं. चहा पिऊन परत त्याच वाटेनं वर गेले.

दुपारी दगडाबाई ओरडल्याचा आवाज आला. त्या दाढेच्या सुजेसाठी आल्या होत्या आणि त्यांनाही सायलीनं त्याच बाकावर बसवलेलं. शेजारच्या म्हाताऱ्याच्या पायाचा वास येतो म्हणून त्यांनी बघितलं तर बन्सीमामा. हलवलं तर शब्द नाही, अंग तव्यासारखं. त्या खिडकीवर गेल्या नाहीत. सरळ दार ढकलून आत गेल्या आणि विशाखा मॅडमचा हात धरून बाहेर ओढून आणलं. वॉचमन अडवत होता त्याला ढोपरानं ढकललं. मी जिन्यावरून उतरले तेव्हा मामांना स्ट्रेचरवर घालत होते. टोपी बाकाखाली पडली होती.

पुढचं सगळं झटपट झालं. मंजुरी फोनवर आली, कागद नंतर. विश्वजीत म्हणाला काकू, इतकी लवकर मंजुरी मी पहिल्यांदा बघितली. विष रक्तात गेलं होतं. सर्जन चारची वाट न बघता आले. त्याच संध्याकाळी गुडघ्याखालून पाय काढला. सही ह्यांनी केली, कंपनीच्या कपड्यांतच होते.

बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, मी सांगितलं तसं महिनाभर नीट ड्रेसिंग झालं असतं तर बोटसुद्धा गेलं नसतं. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

बैल गेला अन् झोपा केला. आता हे लिहून काय उपयोग.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मामा शुद्धीत आहेत. पायाकडं बघितलं, चादर चाचपली, मग बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडले. मी वाट बघत होते की रडतील, नाही तर मला बोलतील. त्यांनी पहिलं विचारलं ते खर्च किती आला. काही नाही म्हटलं. काहीच नाही? काहीच नाही मामा. सगळं योजनेत बसलं. तर समाधानानं डोळे मिटले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतायत. रुपया लागला नाय, सुनेच्या दवाखान्यात लई चांगली सोय हाय.

बाकाचं त्यांना माहीत नाही. म्हणजे ते बसले होते हे आठवतंय, पण तो बाक कुणी ठरवला ते माहीत नाही. मी सांगितलं नाही. सायली मला बघून रडते. मी तिला म्हटलं तुझी काही चूक नाही, तू सांगितलं तेवढंच केलंस. ते ऐकून ती आणखी रडली.

बद्रीनाथ सरांकडं गेले आणि म्हटलं तो कागद काढून टाका. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, काढतो, पण उद्या दारात स्ट्रेचर अडकलं तर त्याला काय सांगायचं ते तुम्ही सांगा. ओपीडीला कार्ड चालू द्या म्हटलं, लोक मग वेळेत येतील, इथं कशाला गर्दी करतील? सर म्हणाले, ते माझ्या हातात असतं तर. विशाखा मॅडमनी पुन्हा बाकासाठी सिस्टर मागितली. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. कागद काचेवर तसाच आहे. आज मी स्वतः त्या दोन प्रश्नांवर लोकांना बाकावर बसवलं. दर थोड्या वेळानं खिडकी सोडून बाकाशी जाऊन एकेकाच्या कपाळाला हात लावून येत होते. रांगेतले लोक ओरडायला लागले की मॅडम जागेवर नाहीत. दुपारनंतर जमलं नाही.

दगडाबाईंच्या घरी गेले होते. दाढ अजून सुजलेली आहे. मी उंबऱ्यातच उभी. त्यांनीच चहा टाकला. मी म्हटलं, तुम्ही होतात म्हणून. त्या म्हणाल्या, आम्ही नसत्या वेळी येतो म्हणून तर होतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज मामांना हॉस्पिटलातून सुट्टी मिळाली. घरी आणलं. कुबड्या ह्यांनी शहागंजातून आणल्यात, मामांच्या काखेला त्या उंच होतात, कापून घ्याव्या लागतील.

निघताना सिस्टर मामांना मोजा घालत होती, उरलेल्या पायात. तिनं टाच वर धरली आणि थांबली. टाचेला फोड. खाटेवर सरकताना रोज तीच टाच गादीवर घासायची, ती सोलली गेली होती. मामांना अर्थात पत्ता नाही. सर्जननी येऊन बघितलं. पुन्हा तेच. रोज ड्रेसिंग, भार नाही, साखर, दर आठवड्याला ओपीडी. भार नाही म्हणजे काय करायचं, एकच पाय असलेल्या माणसानं? मी विचारलं तसं. ते म्हणाले, खरंय तुमचं, पण काळजी घ्या.

मी विश्वजीतकडं बघितलं. तो कागदांवर सही घ्यायला आला होता. तो मान खाली घालून म्हणाला, काकू, आधीचं पॅकेज आज बंद झालं. हे नवीन धरतील. ओपीडी. मला सगळं आधीच माहीत होतं. मी त्याला शिकवू शकले असते. तरी मी भांडले. वॉर्डात सगळ्यांसमोर, घसा फुटेपर्यंत. त्या पोरावर ओरडून काय होणार होतं? तो यादी करत नाही. मी पण करत नाही. सर्जन पण करत नाहीत. विशाखा मॅडम बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्या राहून ऐकत होत्या, त्या पण आत आल्या नाहीत.

मी दमून गप्प झाले तेव्हा मामांनी विश्वजीतला जवळ बोलावलं. खाटेच्या कडेवर ताठ बसून, मोंढ्यात व्यापाऱ्याशी बोलायचे तशा आवाजात त्यांनी विचारलं, "साहेब, जखम केवढी झाली म्हंजे बसंल?"

विश्वजीत माझ्याकडं बघायला लागला. मग म्हातारा माणूस विचारतोय म्हणून असेल, किंवा सवयीनं असेल, त्यानं सांगितलं. "बाबा, हाडापर्यंत गेली तर."

मामांनी मान हलवली. राग नाही, काही नाही. मोजा स्वतःच वर ओढला आणि मला म्हणाले, "हाडापस्तोर. ध्यानात ठेव गं रूपा."

मी व्हय म्हटलं.